कार म्युझिक फिटिंग, सांगली-मिरज रोड: चार तारे

आधीच सांगतो, मला गाडीतलं काही कळत नाही. मी मिरजेत तबला शिकवतो. आठवड्यातून दोनदा क्लास घ्यायला कोल्हापूरला जातो आणि जाता-येता पन्नास-पन्नास किलोमीटर जुनी रेकॉर्डिंग ऐकतो. गाडी वॅगनआर. तिच्यातल्या मूळच्या स्पीकरवर चाटीचा 'ना' स्वच्छ ऐकू यायचा, पण 'धा'तला डग्ग्याचा 'गे' गायब. म्हणजे आमटीतली डाळ काढून घेऊन नुसतं पाणी वाढल्यासारखं. म्हणून गेल्या दिवाळीत ॲम्प्लिफायर, पुढे दोन चांगले स्पीकर आणि डिकीत आठ इंची वूफर असा सगळा सरंजाम घेतला. सामान बावीस हजारांचं. घेतलं ते दुसऱ्या दुकानातून, त्याचं नाव इथं लिहीत नाही. 'फिटिंग फ्री' होतं. वायरिंगचं किट ९०० रुपयांचं. दीड तासात गाडी हातात. मी खूश.

हा रिव्ह्यू त्या दुकानाचा नाही. त्यांनी घातलेला गुंता ज्यांनी सोडवला, त्यांचा आहे.

पहिली तक्रार कानाची. गाडी चालू केली की गाण्यामागे एक बारीक शिट्टी यायची. ॲक्सिलरेटर दाबला की चढायची, सोडला की उतरायची. आधी वाटलं रेकॉर्डिंगमध्येच असेल. पण एकदा विलंबित ख्याल चालू असताना ही शिट्टी काळी दोनला येऊन बसली आणि अंकलीच्या पुलाकडे जाताना गिअर बदलला तशी काळी चारला गेली. ज्या गावच्या तानपुऱ्याला २०२४ साली जीआय मानांकन मिळालं, त्या गावच्या माणसानं हे सहन करायचं म्हणजे फार झालं. पहिल्या दुकानात गेलो. "तेवढं असतंयच सर. नाहीतर फिल्टर टाकूया, ८०० रुपये." टाकला. शिट्टी जरा लांब गेली, पण गेली नाही.

दुसरी तक्रार बॅटरीची. गाडी तीन-चार दिवस उभी राहिली की स्टार्टर कुंथायला लागायचा. आणि तिसरी म्हणजे हातकणंगल्याजवळ आलेला वास. प्लॅस्टिकची चप्पल चुलीजवळ राहिल्यावर येतो तसा. गाडी बाजूला घेतली, सगळं बंद केलं, बोनेट उघडलं. तिथं काही नाही. वास मागून येत होता. डिकीतलं कार्पेट उचललं तर वूफरच्या मागे अंगठ्याएवढी एक पारदर्शक डबी होती, आत काचेचा फ्यूज. डबी एका बाजूनं मेणबत्तीसारखी वाकलेली. हात लावला आणि चटकन काढला. विशेष म्हणजे फ्यूज शाबूत होता.

तिथूनच दुकानवाल्याला फोन केला. "सर, बारा व्होल्ट आहे ओ, बारा व्होल्टला काय होतंय?"

त्या दिवशी म्युझिक न लावता कोल्हापूर गाठलं. परत आल्यावर क्लासमधल्या एका मुलाच्या वडिलांनी या दुकानाचा पत्ता दिला. विश्रामबागच्या अलीकडे, एका शटरचं दुकान. आत एकच गाडी मावते आणि मालक दिवसाला एकच घेतात. फोन उचलत नाहीत, समक्षच जावं लागतं. मला चौथ्या दिवसाचा नंबर मिळाला.

सकाळी अकराला गाडी आत घातली. मालक पन्नाशीचे, बोलणं कमी आणि टोमणे जास्त. शटरच्या आतल्या बाजूला एक खिळा आहे. त्यांनी हातातलं कडं आणि घड्याळ काढून त्याला अडकवलं आणि माझ्याकडे बघितलं. "मास्तर, ती अंगठी काढून खिशात ठेवा. नाहीतर तिकडं लांब बसा." मी म्हटलं, मी कशाला हात लावतोय? "सगळे असंच म्हणत्यात. मग वाकून बघत्यात." अंगठी एका बाजूनं पॉझिटिव्हच्या पान्याला आणि दुसऱ्या बाजूनं गाडीच्या पत्र्याला लागली तर तिच्यातून शेकड्यांनी अँपिअर जातात. सोनं लाल होईपर्यंत ती बोटातून निघत नाही. हे त्यांनी अगदी भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मी अंगठी काढली.

बारा व्होल्टवरून आठवलं. मी पहिल्या दुकानदाराचं ते वाक्य त्यांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. कोपऱ्यात एक जुनी बॅटरी होती. वायरीतला केसासारखा एक धागा काढला, लांब पकडीत धरला आणि तिच्या दोन टोकांना टेकवला. फट् असा आवाज, क्षणभर लाल रेघ, आणि धागा नाहीसा. पकडीला तेवढं काळं लागलेलं. "झटका बसत नाही हे खरं हाय. पण ही आग लावती. झटक्यानं माणूस हात मागं घेतोय, वायर घेत नाही." (घरी करू नका. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगीनं तोच पेट घेऊ शकतो. त्यांनी सुद्धा चष्मा लावून केलं.)

नंतरचा तासभर त्यांनी काहीही उघडलं नाही, फक्त मोजलं. हे मला फार आवडलं. आमच्यातही विद्यार्थी आला की लगेच हात धरून 'धिरधिर' शिकवायचं नसतं. आधी काय वाजवतोय ते ऐकायचं असतं. इंजिन चालू ठेवून ५० हर्ट्झचा एकच सूर लावला. गाण्याचा आवाज खालीवर होतो, मीटरचा काटा नाचतो, म्हणून सरळ सूर. शेजारी आग विझवायचा पावडरचा लहान सिलिंडर ठेवला आणि हाताखालच्या पोराला सांगितलं, "तीस सेकंद. वास आला की बंद." क्लॅम्प मीटर वायरीभोवती लावला, करंट ३० अँपिअर. मग मल्टिमीटरचं एक टोक लांब वायरीनं बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरं डिकीत ॲम्पच्या पॉझिटिव्हला. पाच मीटरच्या प्रवासात ०.८ व्होल्ट हरवत होते. त्यातले ०.३ नुसत्या त्या वाकलेल्या डबीत.

मला वाटलं, पाऊण व्होल्टचं काय एवढं. त्यांनी कागदावर गुणाकार केला. ०.८ गुणिले ३०, म्हणजे २४ वॅट. "सोल्डरिंगची आयर्न किती वॅटची असती? पंचवीस. तुमच्या कार्पेटखाली तेवढी उष्णता चालू होती मास्तर, जाता-येता शंभर किलोमीटर."

फ्यूज का उडाला नाही याचंही उत्तर तिथंच होतं. डबीतला संपर्क ढिला. ढिल्या जागी विरोध वाढतो, जागा तापते, पण करंट काही वाढत नाही. उलट थोडा कमीच होतो. फ्यूज बघतो करंट. त्याच्या लेखी सगळं आलबेल.

मग दहाच्या पान्यानं बॅटरी काढली. आधी निगेटिव्ह. कारण पॉझिटिव्ह सोडवताना पाना चुकून पत्र्याला लागला आणि निगेटिव्ह अजून जोडलेली असली, तर पत्रा म्हणजेच निगेटिव्ह. निगेटिव्ह आधी काढली की पाना कुठंही लागू दे. जोडताना उलटं, निगेटिव्ह शेवटी. मग चहा मागवला आणि चहा संपेपर्यंत गाडीला हात नाही. एअरबॅगच्या यंत्रणेत बॅटरी काढल्यावरही थोडा वेळ चार्ज राहतो, म्हणून. डॅशबोर्ड उघडल्यावर पिवळ्या स्लीव्हमधल्या वायरी आणि पिवळे कपलर दिसले, ते त्यांनी मला बोटानं दाखवले, तेही दुरून. "पिवळ्याच्या वाटंला मी जात नाही, तुम्हीही जाऊ नका. टेस्ट लॅम्प तर लांबच ठेवायचा."

पुढचं मी शक्य तेवढं जवळून बघितलं, कारण तोवर कुतूहलानं पोटात खड्डा पडला होता.

बोनेटमधून केबिनमध्ये येताना मधे पत्र्याची भिंत असते. पहिल्या दुकानातल्या पोरानं तिला ड्रिलनं भोक पाडून वायर तशीच ओढली होती. ग्रोमेट, म्हणजे भोकात बसवायचं रबरी कडं, नाही; भोकाची कड विळ्यासारखी. वायरीचं प्लॅस्टिक तिथं अर्धं कापलेलं होतं, नखानं दाबलं तर आतली चकाकी दिसत होती. आणि फ्यूज कुठं? डिकीत. म्हणजे बॅटरीपासून डिकीपर्यंतच्या सगळ्या वायरीला रखवालदारच नाही. हातकणंगल्याच्या खड्ड्यांनी ते उरलेलं प्लॅस्टिक कापलं असतं, तर आख्खी बॅटरी त्या भोकातून पत्र्यात रिकामी झाली असती आणि डिकीतला फ्यूज मागं बसून बघत राहिला असता.

मालक म्हणाले, "फ्यूज ॲम्पसाठी नसतोय. ॲम्पला त्याचा स्वतःचा हाय. हा वायरीसाठी. म्हणून बॅटरीपासून दीड फुटाच्या आत." दीड फूट म्हणजे आपला जुन्या मापाचा एक हात. हे माप मी आता विसरणार नाही. शिवाय तो फ्यूज होता ६० अँपिअरचा आणि वायर आठ गेजची, तीही ॲल्युमिनियमची. अशा जोडीत फ्यूज उडायच्या आत वायरच तापते.

ॲल्युमिनियमची हे कळलं तेव्हा मला खरंच लाज वाटली. वायर वरून तांब्याची दिसते. त्यांनी एक धागा ब्लेडनं खरवडला. आत चांदीसारखा पांढरा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा पातळ मुलामा, बाजारात याला सीसीए म्हणतात. तेवढ्याच जाडीची ही वायर तांब्याच्या साधारण साठ-पासष्ट टक्केच वीज वाहून नेते. वर गुबगुबीत लाल प्लॅस्टिक, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं काय जाड वायर आहे! मग अस्सल तांब्याच्या वायरीचा तुकडा माझ्या दुसऱ्या हातात दिला. वजनातच निकाल. अहो, मी तीस वर्षं डग्गे विकत घेतोय. तांब्याचा म्हणून आणलेला डग्गा आधी हातात घेऊन तोलतो, मुलाम्याला फसत नाही, शिष्यांना फसू देत नाही. आणि ९०० रुपयांचं किट डबा न उघडता घेतलं!

पण मालकांचा पारा चढला तो भलत्याच गोष्टीवर. ॲम्पची अर्थिंगची वायर त्या पोरानं मागच्या सीटबेल्टच्या बोल्टखाली दाबली होती. रंग न खरवडता. "ह्या नटाला फक्त जीव टांगायचा. दुसरं काय टांगायचं नाही." बोल्टखाली वायरीचा थर आला की तो पूर्ण आवळला जात नाही, पट्ट्याची पकड कमी होते. आणि रंगावर बसवलेली अर्थिंग म्हणजे अर्धी अर्थिंग. माझ्या शिट्टीचं बरंचसं मूळ हेच. ॲम्पची बॉडी आणि स्टिरिओची बॉडी यांच्यात थोड्या व्होल्टचा फरक राहतो, अल्टरनेटरची कुरकुर त्या फरकातून आवाजात शिरते. इंजिन जोरात फिरलं की अल्टरनेटरही जोरात, म्हणून सूर वर. त्यात स्टिरिओतून ॲम्पकडे आवाज नेणारी आरसीएची नाजूक केबल पॉवरच्या वायरीला टाय मारून तिच्याच गळ्यात बांधलेली. ८०० रुपयांचा फिल्टर म्हणजे तानपुरा बेसूर आहे म्हणून श्रोत्यांच्या कानात कापूस घालणं.

बॅटरी उतरण्याचं कारण तर बाळबोध होतं. स्टिरिओच्या पिवळ्या वायरीला कायमचा करंट लागतो, घड्याळ आणि मेमरीसाठी. लाल वायर चावीवर चालू-बंद व्हायला हवी. त्या पोरानं दोन्ही एकत्र पिळून कायमच्या करंटला जोडल्या, वर काळी टेप. टेपचा गोंद उन्हानं पाघळून तिची गुंडाळी सुटलेली. त्यामुळे स्टिरिओ कधी पूर्ण झोपतच नव्हता, आणि त्यानं जागा ठेवलेला ॲम्पही. रात्री गाडी बंद असताना ०.३ अँपिअर चालू. माझी बॅटरी ३५ एएचची, म्हणजे ३५ अँपिअर-तासांची. हिशेब तुम्हीच करा.

दुरुस्तीचं फार लांबवत नाही. चार गेजची अस्सल तांब्याची वायर (गेजचा आकडा लहान तेवढी वायर जाड). बॅटरीपासून हातभराच्या आत, पट्टीचा ६० अँपिअरचा फ्यूज, झाकणाच्या होल्डरमध्ये. पाडलेलं भोक रबरी बुचानं बंद करून वायर गाडीच्या मूळच्या ग्रोमेटमधून, खाच पाडून, बाहेरून नागमोडी स्लीव्ह घालून. पॉवर डाव्या दाराच्या पट्टीखालून, आरसीए उजव्या. अर्थिंगला तेवढीच जाड वायर, कारण जेवढा करंट जातो तेवढाच परत यायला हवा. लांबी वीतभर. पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, वेगळा बोल्ट, दातेरी वॉशर, वरून गंज चढू नये म्हणून रंग. वायरीच्या प्रत्येक टोकाला थिंबल, म्हणजे धातूचं टोपण, मोठ्या पकडीनं दाबलेलं, त्यावर हीट श्रिंक, म्हणजे तापवली की आवळणारी नळी. एकही टेप नाही. दाबलेलं थिंबल ते हातानं ओढून बघतात, पाय लावून. एक निघालं. पोराला पुन्हा करायला लावलं. गिऱ्हाइकासमोर.

शेवटी परत मोजणी. तोच ५० हर्ट्झचा सूर, तेच ३० अँपिअर. हरवणारे व्होल्ट ०.८ वरून ०.१५. गाडी बंद करून, लॉक करून अर्धा तास वाट बघितली, कारण गाडीचा स्वतःचा कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतो. मग गळती मोजली, ०.०२ अँपिअर. कागदावर आधीचे आणि नंतरचे आकडे लिहून दिले. तो कागद आता गाडीच्या कागदपत्रांत आहे. एजंटालाही दाखवला, कारण मालकांनीच विचारलं होतं की हे बावीस हजारांचं सामान विम्यात आहे का. नव्हतं. बाहेरून बसवलेली विजेची उपकरणं पॉलिसीत वेगळी नोंदवावी लागतात. आयएमटी २४ म्हणून कलम आहे. माझ्या एजंटानं किमतीच्या ४ टक्के लावले, म्हणजे ८८० रुपये अधिक जीएसटी. पहिल्या दुकानात याबद्दल चकार शब्द नव्हता.

बिल: साडेसहा मीटर वायर २,९२५, फ्यूज आणि होल्डर ६५०, थिंबल, स्लीव्ह, ग्रोमेट वगैरे ४२५, मजुरी २,५००. एकूण ६,५००. फिल्टर काढून हातात दिला, "कुणाला तरी विका." घासाघीस चालत नाही. ॲल्युमिनियमचं किट तुम्ही घेऊन आलात तर काम करत नाहीत, गाडी परत पाठवतात. माझ्यासमोर एकाला पाठवलं, पण वेगळ्या कारणानं. तो हेडलाइटच्या वायरीवरच मोठा हॉर्न आणि एलईडी बार जोडून मागत होता.

आता उणं. दुपारी तीनला देतो म्हणाले, गाडी मिळाली साडेसातला. बसायला एकच खुर्ची, तिच्यावर मांजर. संडासला शेजारच्या हॉटेलात जावं लागतं. आणि आवाजाच्या बाबतीत मालकांचा कान, रागावू नका, ढोल-ताशाचा आहे. सेटिंग करून दिलं तेव्हा डग्गा असा घुमत होता की मींड कुठं सुरू झाली आणि कुठं संपली पत्ता लागेना. बेस निम्म्यावर आणला, वूफरची वरची मर्यादा ८० हर्ट्झवर ठेवली, तेव्हा 'गे' माणसात आला. वायरिंग त्यांचं, सेटिंग तुमचं, असं धरून जा.

शिट्टी गेली. परवा अंकलीचा पूल ओलांडताना मुद्दाम दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडवलं. मागे तानपुरे चार तारांत शांत चालले होते.

मग पाचवा तारा का नाही? गाडी देताना डिकी रिकामी करून द्यायची असते, हे मला कुणी सांगितलं नाही. माझी तबल्याची जोडी तिथंच होती. पोरानं ती नीट उचलून बाकावर ठेवली, गवसणी काढून बघितली, आणि काम चालू असताना माझ्या तांब्याच्या डग्ग्याच्या शाईवर दहाचा पाना ठेवला.